नाना पेठेतला कम्प्रेशन गेज : ऑफ-रोड गाडीसाठी घ्यावा का?

पुण्याच्या नाना पेठेत टू-व्हीलर स्पेअर्सच्या दुकानांत कम्प्रेशन गेजचे, म्हणजे इंजिन हवा किती दाबतं ते मोजणाऱ्या मीटरचे, दोन प्रकार दिसतात. एकाच्या टोकाला रबरी कोन असतो, तो स्पार्क प्लगच्या भोकावर हाताने दाबून धरायचा. दुसऱ्याला आट्यांची नळी आणि सोबत १०, १२, १४ मिलिमीटरचे अ‍ॅडॅप्टर. पहिला घेऊच नका. ऑफ-रोड गाड्यांचा प्लग हेडमध्ये खोल असतो, कोन तिथे नीट बसत नाही आणि किक मारताना हवा निसटतेच. पुढचं सगळं दुसऱ्या प्रकाराबद्दल, म्हणजे डबीत मिळणाऱ्या बिनब्रँडच्या संचाबद्दल.

किक मारून मारून पाय भरून येतो, पण एकदा चालू झाली की गाडी बरी पळते, अशा वेळी हा गेज कामाचा. त्याआधी प्लग काढून बघा. कोरडा असेल तर गेज डबीतच राहू द्या, पेट्रोल पोचत नाहीये. बरेच दिवस उभ्या राहिलेल्या कार्बच्या (कार्ब्युरेटरच्या) गाडीत बहुधा पायलट जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारी बारीक भोकाची नळी, चोंदलेला निघतो. त्यात तार घालू नका, भोक मोठं होतं. कार्ब क्लीनर आणि हवेचा फवारा पुरतो. ई२० (२० टक्के इथेनॉलचं) पेट्रोल पाणी धरतं, त्यामुळे पावसाळ्यात फ्लोट बाऊल (कार्बची तळाची वाटी) रिकामा करून तळाशी पाणी आहे का तेही बघावं. प्लग ओला, ठिणगी चांगली आणि तरीही गाडी उठत नाही? मग गेज लावा.

घेताना एकच गोष्ट डोळ्यांत तेल घालून तपासायची: हवा अडवणारी झडप नळीच्या प्लगकडच्या टोकाला आहे, की वर गेजजवळ? कारण साधं आहे. २०० सीसी आणि १०:१ कम्प्रेशनच्या (आतली जागा दहाव्या हिश्श्यावर आणणाऱ्या) इंजिनात पिस्टन वर आल्यावर जेमतेम २२ सीसी जागा उरते. झडप वर असेल तर ३० सेंटिमीटर लांब, ५ मिलिमीटर भोकाची नळी त्यात आणखी ६ सीसी घालते आणि १०:१ चं ८:१ होऊन बसतं. धडधाकट इंजिन आजारी दिसतं आणि विनाकारण हेड उतरतं. कारसाठी बनवलेले संच बाइकला लावल्यावर हाच घोळ होतो.

चाचणी सोपी आहे. इंजिन चालू होत असेल तर थोडं गरम करा. प्लग कॅपमध्ये बसवून इंजिनाच्या धातूला टेकवा, पण भोकापासून लांब, कारण बाहेर येणारी पेट्रोलची वाफ पेटू शकते. एफआय (फ्युएल इंजेक्शन) गाडीत इंजेक्टरचा कनेक्टर काढा. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण पिळून धरा. तो बंद ठेवला तर हवाच आत जात नाही आणि आकडा पडतो. काटा चढायचा थांबेपर्यंत किक मारा, ५ ते ८ पुरतात. काटा कसा चढतो तेही बघा. पहिल्या किकला कमी आणि मग हळूहळू वाढला तर पिस्टनच्या रिंगांवर संशय. कमी चढून तिथेच अडला तर व्हॉल्व्हवर. खात्रीसाठी प्लगच्या भोकातून ५ मिलिलिटर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा उडी मारून वर गेला तर रिंगा किंवा बोअर (सिलिंडरची आतली भिंत), जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट.

मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडताना पुण्याची उंची विसरू नका. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आहे, हवा जरा विरळ, म्हणून १५० पीएसआयच्या जागी इथे १४० आले तरी इंजिन ठणठणीत समजावं.

संचाची खरी कटकट अ‍ॅडॅप्टरची. नळी सोडवायला जावं तर अ‍ॅडॅप्टर प्लगच्या भोकातच अडकून राहतो. तो हातानेच आवळायचा, ओ-रिंग हवा धरते, पान्याची गरज नाही. शिवाय त्याच्या आट्यांची लांबी तुमच्या प्लगएवढीच हवी. १२.७ मिलिमीटर आट्यांच्या हेडमध्ये १९ चा अ‍ॅडॅप्टर गेला तर तो पिस्टनला किंवा व्हॉल्व्हला ठोकू शकतो. दुकानात जाताना जुना प्लग खिशात ठेवा.

काही फोर-स्ट्रोक इंजिनांत कॅमशाफ्टवर (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावर) ऑटो-डीकॉम्प्रेसर असतो. किकच्या वेगाला तो एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जरासा उघडा ठेवतो, म्हणून नव्या इंजिनातही आकडा फार खाली दिसतो. अशा गाडीला हा गेज जवळपास निरुपयोगी. तिथे लीक-डाउन टेस्टर, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा भरून गळती मोजणारं यंत्र हवं, आणि त्याला कॉम्प्रेसर. हवा भरली की सायलेन्सरमधून फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कार्बकडून आली तर इनटेक, ऑइलच्या झाकणातून आली तर रिंगा.

आकडा कमी आला म्हणून लगेच 'इंजिन काम' काढू नका. आधी थंड इंजिनावर, पिस्टन कम्प्रेशनच्या टीडीसीला (सगळ्यात वरच्या टोकाला) आणून टॅपेटचा गॅप, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला ढकलणाऱ्या भागातली फट, फिलर गेजने (पातळ पात्यांच्या मापाने) मोजा. मुळशी-वेल्ह्याच्या धुळीत घाण एअर फिल्टरने फिरवलेल्या गाडीत इनटेक व्हॉल्व्हची सीट (तो टेकतो ती जागा) झिजते, गॅप मिटतो आणि व्हॉल्व्ह पूर्ण बसतच नाही. गॅप लावल्यावर आकडा परत आला तर काम झालं. काही तासांच्या रायडिंगमध्ये तो पुन्हा मिटला तर व्हॉल्व्हचा चेहरा (सीटवर टेकणारी कडा) गेला. शिम (गॅप लावायच्या चकत्या) बदलत बसण्यात पैसे घालवू नका.

डीकॉम्प्रेसर नसलेली कार्बची किक-स्टार्ट गाडी घरी सांभाळणाऱ्याने झडप टोकाला असलेला संच जरूर घ्यावा. बाकीच्यांनी आधी फिलर गेज घ्यावा, तो जास्त वेळा लागतो.