शिबोरी रेशमी रिबीन : आठ महिने वापरल्यानंतर

फेब्रुवारीत एक मीटर शिबोरी रिबीन मागवली. शिबोरी म्हणजे कापड बांधून रंगवण्याची जपानी पद्धत. टपालखर्च धरून एका बऱ्या सुती साडीएवढे पैसे गेले आणि हातात आला चार बोटं रुंदीचा, पन्हाळी पत्र्यासारख्या बारीक चुण्यांचा रेशमी पट्टा. मिटलेला असताना तो जांभळा दिसतो. दोन्ही कडा धरून हलके ताणला की चुण्यांच्या पोटातून केशरी रंग वर येतो आणि रुंदी जवळजवळ दुप्पट होते. मी मणीकाम बारा वर्षं करते आहे, पण कापडाने असं काही केलेलं पहिल्यांदाच पाहिलं.

त्या एका मीटरमधून आजवर आठ वस्तू झाल्या: तीन पेंडंट, दोन ब्रोच, गळ्यालगतचा एक हार, अंबाड्याची एक पिन आणि एक ब्रेसलेट. ब्रेसलेट सोडून बाकी सगळ्या वापरात आहेत. ब्रेसलेटचं पुढे सांगते.

दोन रंग कसे येतात हे कळलं की रिबीन कशी हाताळायची तेही कळतं. जपानमध्ये आरिमात्सु नावाचं गाव आहे, आता ते नागोया शहराचाच भाग आहे. 1608 साली वसलेलं हे गाव बांधून रंगवलेल्या कापडासाठी ओळखलं जातं. तोकाइदो या जुन्या हमरस्त्याने जाणारे प्रवासी तिथून रंगीत सुती पंचे घेऊन जात. तिथल्या अनेक पद्धतींपैकी एकीचं नाव आराशी, म्हणजे वादळ. कापड दांड्याभोवती तिरकं गुंडाळायचं, वरून दोरा आवळायचा, सगळं एका टोकाला दाबत न्यायचं आणि मग रंगवायचं. घडीचा माथा रंग पितो, पोट कोरडं राहतं. दांड्यावरून उतरवलं की तिरप्या पावसासारख्या रेघा दिसतात. राजस्थानातला लहरिया याच्या अगदी जवळचा. कच्छची बांधणी गाठी न सोडता विकायला येते, तेव्हा तिच्यावरही अशाच चुण्या असतात. बाजारात मिळणारी ही रिबीन याच कुळातली: तलम रेशीम तिरकं कापलेलं, रंगवलेलं आणि घड्या उष्णतेने बसवलेल्या.

तिरक्या कापाचा फायदा पहिल्याच दिवशी जाणवला. कड फारशी उसवत नाही आणि दगडाभोवती रिबीन हवी तशी वळते. सरळ कापाचं कापड गोलाईवर रुसून उभं राहतं, हे ज्यांनी गळपट्टी शिवली आहे त्यांना माहीत आहे.

माझी कामाची पद्धत आता ठरून गेली आहे. जाड बक्रमवर आधी दगड चिकटवते आणि त्याभोवती बारीक मण्यांचं कोंदण विणून घेते. मणी 11 नंबरचे, म्हणजे साधारण दोन मिलिमीटरचे. वरच्या दोन ओळींना त्याहून बारीक, 15 नंबरचे, कारण तेच दगडाच्या खांद्यावर आवळून बसतात. मग रिबिनीचं टोक कोंदणाच्या बुडाशी सरकवायचं. एका बाजूला चुण्या घट्ट मिटलेल्या ठेवायच्या, दुसरीकडे पंख्यासारख्या सोडायच्या आणि टाचण्या लावून अर्धा तास नुसतं बघत बसायचं. हा अर्धा तास मी कधीच वाचवत नाही. टाका नेहमी चुणीच्या पोटात, म्हणजे दरीत घालायचा. माथ्यावर घातला की तो डोळ्यात खुपतो आणि चुणी कायमची चेपते. दोरा ओढायचा नाही, नुसता टेकवायचा. नऊवारीच्या निऱ्या बोटांत धरताना जेवढा जोर लागतो, तेवढाच इथे लागतो. दरीत तीन-चार मणी ओवून बसवले की ते घडी धरूनही ठेवतात आणि टाकाही झाकतात. फुगीर भाग हवा असेल तर रिबिनीखाली फेल्टचा छोटा तुकडा द्यावा, कापूस नको. कापूस काही दिवसांनी दबतो.

गोंद मात्र रेशमाला लागू देऊ नका. पहिल्या पेंडंटमध्ये दगडाखालचा गोंद थोडा बाहेर आला, रिबिनीने तो क्षणात शोषला आणि तेलाच्या डागासारखा काळपट ठिपका पडला. तो आजही तिथे आहे, वर एक मोठा मणी शिवून झाकला आहे. कामाला बसण्याआधी मी नखं कानशीने घासून घेते. नखाची बारीकशी चीरही रेशमाचा तंतू ओढते आणि ओढलेला तंतू परत बसत नाही.

आता वापराबद्दल. सगळ्यात मोठी गोष्ट वजन. नणंदेच्या लग्नात पैठणीच्या पदरावर तळहाताएवढा ब्रोच लावला होता. येवल्याच्या पैठणीचं ब्लाउज शिवून उरलेली काठाची पट्टी त्यात मधोमध घातली होती. दिवसभरात पदर एकदाही ओढला गेला नाही. तेवढ्याच आकाराचा धातूचा ब्रोच पदराला खाली झुकवतो. गळ्यातला हारही रुंद आहे, पण घामाच्या दिवसांतही त्याचं ओझं वाटत नाही. दिव्याच्या उजेडात चालताना जांभळ्यातून केशरी हलताना दिसतो. फोटोत हे येत नाही, समोरच बघावं लागतं.

आणि आता पाणी. जुलैत चिपळूणला माहेरी गेले तेव्हा ब्रेसलेट हातात होतं. स्टँडवरून घरी जाईपर्यंत मनगट भिजलं. रात्री वाळल्यावर पाहिलं तर मण्यांच्या मधल्या चुण्या सुटून रेशीम सपाट, मलूल झालं होतं. टाक्यांनी धरलेल्या घड्या तेवढ्या शाबूत होत्या. मला फार वाईट वाटलं, कारण त्यावर सोळा तास गेले होते. पण असं का होतं हे समजून घ्यायला हवं. पॉलिएस्टर तापवून घडी घातली की ती धुतली तरी राहते, कारण तो धागा तापल्यावर मऊ होऊन नवा आकार धरतो. रेशीम केसासारखं प्रथिनाचं आहे. कोरडं असेपर्यंत घडी धरतं, भिजलं की सोडतं. व्हेनिसमध्ये फॅशन डिझायनर मारियानो फॉर्च्युनी यांनी 1907 च्या सुमारास चुणीदार रेशमाचा डेल्फोस हा झगा केला, त्याचीही हीच गत होती. तो पिळून, वेटोळं करून गोल डबीत ठेवत आणि भिजला तर चुण्यांसाठी परत त्यांच्याच कारखान्यात पाठवावा लागे. काचेच्या मण्यांनी त्याच्या कडा खाली धरून ठेवलेल्या असत. शंभर वर्षांपूर्वी रेशमी चुण्यांना मण्यांचीच सोबत दिली होती, हे वाचल्यावर माझ्या छोट्या कामाबद्दल फार आपुलकी वाटली.

ब्रेसलेटमधलं रेशीम मी उसवून काढलं. ओलं करून प्लास्टिकच्या पाइपावर तिरकं गुंडाळलं, वरून दोरा आवळला, एका टोकाला दाबलं आणि दोन दिवस वाळू दिलं. चुण्या आल्या, पण मोठ्या आणि वेड्यावाकड्या. त्याची अंबाड्याची पिन केली. खरं सांगायचं तर मूळ रिबिनीपेक्षा ती मला जास्त आवडते, पण एकसारख्या बारीक घडीची अपेक्षा घरी करू नका.

म्हणून माझं मत असं: ब्रोच, हार, पेंडंट आणि केसांच्या पिनेसाठी ही रिबीन पैसे वसूल करते. मनगटासाठी घेऊ नका, अंगठीसाठी तर मुळीच नको. यापुढे जून ते सप्टेंबर मी सगळं डब्यात ठेवणार आहे, सुती कापडात सैल गुंडाळून. घट्ट बंद प्लास्टिक पिशवीत दमट वास येतो. अत्तर आधी लावायचं आणि दागिना नंतर घालायचा. एक पेंडंट पश्चिमेच्या खिडकीशी टांगून ठेवलं होतं, चार महिन्यांत त्याचा जांभळा फिका पडला.

स्वस्तात मिळते म्हणून दुसऱ्या ठिकाणाहून एकदा ‘प्युअर सिल्क’ लिहिलेली चुणीदार रिबीन घेतली. कडेचा एक धागा जाळून पाहिला, तर वितळून टोकाला कडक काळा मणी झाला. म्हणजे पॉलिएस्टर. खरं रेशीम जळताना केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरते. ती रिबीन वाया गेली नाही, शेजारच्या दोन मुलींच्या गॅदरिंगला तिचे हेअरबँड केले. ते भिजले तरी बिघडत नाहीत आणि लहान मुलांसाठी मी आता तीच वापरते. पण हात लावला की फरक कळतो; ती ताणल्यावर नुसती उघडते, आतून रंग येत नाही.

मूळ मीटरातली वीतभर रिबीन उरली आहे. बहिणीच्या डोहाळजेवणासाठी तिचा ब्रोच करायचा आहे. फुलांच्या दागिन्यांवर पाणी शिंपडतात, तेव्हा तो पदरावर नको, अंबाड्याच्या मागे बसेल असा.