सोनी ए९ थ्री की ए७आर फाईव्ह: पैसे वेगाला द्यायचे की मेगापिक्सेलला?

थेट सांगतो, सोनीच्या या दोन कॅमेऱ्यांबद्दल. लग्न आणि पक्षी हे ज्यांचं पोटापाण्याचं काम आहे त्यांनी ए९ थ्री घ्यावा, आणि दागिने, पैठण्यांचे कॅटलॉग, इंटिरियर, लँडस्केप असं काम असेल तर ए७आर फाईव्ह, फार विचार करू नका. पण असं का, ते नीट लिहायचंय, कारण फोटोग्राफर मंडळी ज्या दोन आकड्यांवरून वाद घालतात, १२० एफपीएस (सेकंदाला किती फोटो) आणि ६१ मेगापिक्सेल, ते दोन्ही आकडे खऱ्या फायद्याबद्दल फारसं काही सांगत नाहीत. मी दोन्ही बॉड्या भाड्याने घेऊन माझ्या रोजच्या कामात वापरल्या, त्यावरून हे लिहितोय.

हातात घेतल्यावर दोघांत फार फरक जाणवत नाही. दोन्ही ७०० ग्रॅमच्या आसपास, व्ह्यूफाइंडर तोच ९४ लाख डॉटचा, डोळा ओळखणारा एआय फोकस दोघांतही आहे. ए७आर फाईव्ह ऑक्टोबर २०२२ मधला, ६१ मेगापिक्सेल, १० एफपीएस. ए९ थ्री नोव्हेंबर २०२३ चा, २४.६ मेगापिक्सेल, रॉ (प्रक्रिया न केलेली मूळ फाईल) मध्ये १२० एफपीएस. अमेरिकेत लाँचच्या वेळी पहिल्याची किंमत ३,९०० डॉलर होती आणि दुसऱ्याची ६,००० च्या घरात, म्हणजे जवळपास दीडपट पैसे देऊन तुम्ही निम्म्याहून कमी मेगापिक्सेल घेताय. हे ऐकून घरचे विचारणारच, नक्की कशाचे पैसे देतोयस म्हणून.

तर पैसे ग्लोबल शटरचे. साधा सेन्सर वरून खाली ओळीओळीने वाचला जातो, आणि ६१ मेगापिक्सेल वाचायला ए७आर फाईव्हला सायलेंट मोडमध्ये (मेकॅनिकल शटर न वापरता) साधारण सेकंदाचा दहावा भाग लागतो. तेवढ्यात पक्ष्याचा पंख पुढे गेलेला असतो म्हणून फोटोत तो वाकडा येतो, आणि एलईडी लाईट सेकंदात शेकडो वेळा चालू-बंद होत असतात त्यांचे आडवे पट्टे येतात. म्हणून त्या कॅमेऱ्यावर हलत्या विषयासाठी मेकॅनिकल शटरच वापरायचं, तिथे तो व्यवस्थित चालतो, फक्त आवाज होतो आणि वेग १० वर थांबतो. ए९ थ्रीमध्ये सगळे पिक्सेल एकाच क्षणी वाचले जातात. फुल फ्रेममध्ये, म्हणजे जुन्या ३५ एमएम फिल्मएवढ्या सेन्सरमध्ये, हे करणारा तो पहिला कॅमेरा. पंख सरळ, पट्टे नाहीत, आवाज शून्य, मेकॅनिकल शटर मुळात आतमध्ये नाहीच. वेग म्हणतात तो मला हा वाटतो, एफपीएस नंतर.

हा वेग की रिझोल्यूशनचा झगडा जुनाच आहे. कॅननच्या तर दोन वेगळ्या लाईनच होत्या, बातमीदार आणि स्पोर्ट्सवाल्यांसाठी वनडी आणि स्टुडिओवाल्यांसाठी वनडीएस. २००७ मध्ये वनडी मार्क थ्री १० मेगापिक्सेल आणि १० एफपीएस, तर वनडीएस मार्क थ्री २१ मेगापिक्सेल आणि ५ एफपीएस. नाईकॉनचंही डी३ आणि डी३एक्स असंच होतं. २०११ मध्ये कॅननने वनडी एक्स आणून दोन्ही लाईन एकत्र केल्या, पण मेगापिक्सेल उतरवून १८ वर आणले, म्हणजे कौल वेगाच्या बाजूने दिला.

आता लग्नाचं. हल्ली छोट्या गावातल्या हॉलमध्ये पण स्टेजमागे एलईडी वॉल आणि बाजूला रंगीत पार लाईट (स्टेजवरचे गोल दिवे) असतातच. ए९ थ्रीवर एका फ्रेममध्ये पट्टा येत नाही. पण हेही सांगतो की शटरचा वेग खूप वाढवला तर एक फ्रेम थोडी उजळ आणि पुढची थोडी काळपट असं होऊ शकतं, तो लाईटचा गुण आहे, ग्लोबल शटर ते थांबवू शकत नाही. अंतरपाट खाली होतो तेव्हा काय होतं बघा, कापडाची कड हनुवटीखाली येते, दोघांची नजर वर जाते, आणि त्याच वेळी चारी बाजूंनी अक्षता पडतात, त्यातला एखादा दाणा नेमका नवरीच्या पापणीसमोर असतो. १० एफपीएसला दोन फ्रेममध्ये सेकंदाचा दहावा भाग जातो आणि त्यात पापणी मिटते. ३० ला चेहरा मोकळा असलेली एक तरी फ्रेम बहुतेक मिळतेच. १२० ची इथे गरज नाही, खरंच नाही. वर आवाज अजिबात नसल्याने गुरुजींच्या शेजारी उभं राहून बर्स्ट (सलग फोटो) मारला तरी कोणी वळून बघत नाही.

आणि फ्लॅश! याबद्दल लोक फार कमी बोलतात. दुपारच्या उन्हात अंगणात हळद चाललीय, मागे डोळे दिपवणारी पांढरी भिंत, तुम्हाला एफ २.८ ला (लेन्स बरीच उघडी ठेवून) चेहरा सुटा काढायचाय. ए७आर फाईव्हची फ्लॅश सिंक, म्हणजे साध्या फ्लॅशसोबत चालणारा सगळ्यात जलद शटरचा वेग, १/२५० सेकंदाची, त्याच्या वर गेलात की हाय स्पीड सिंक (फ्लॅश एकदाच न चमकता भराभर अनेकदा चमकतो), आणि त्यात फ्लॅशची बरीच ताकद वाया जाते. ए९ थ्रीवर १/८००० ला सुद्धा साधा फ्लॅश चालतो, कागदावर तर सिंक १/८०००० पर्यंत आहे. मागचं ऊन हवं तेवढं दाबता येतं आणि बॅगेतला छोटा फ्लॅश पुरतो. एक लक्षात ठेवा, मोठे स्टुडिओ लाईट फुल पॉवरवर बराच वेळ जळत राहतात, त्यामुळे शटर फार वर नेलं की त्यांचा अर्धा उजेड कापला जातो. पॉवर कमी करून वापरायचे.

पक्ष्यांकडे येऊ. भिगवणला उजनी धरणाच्या पाण्यावर कवड्या खंड्या एका जागी पंख फडफडवत थांबतो, चोच खाली, मान एकदम स्थिर, आणि मग पंख मिटून दगडासारखा सरळ खाली. तो मिटला हे डोळ्याला दिसून बोट दाबेपर्यंत पाव सेकंद जातोच, कितीही सराव असला तरी. ए९ थ्रीमध्ये प्री-कॅप्चर आहे, शटर अर्धं दाबून ठेवायचं, पूर्ण दाबलं की आधीच्या एक सेकंदापर्यंतच्या फ्रेम पण कार्डावर येतात, त्याही रॉ मध्ये. पुढच्या बाजूला एक बटण आहे त्यावर बूस्ट लावता येतो, म्हणजे एरवी ३० वर ठेवा आणि बटण दाबाल तेवढा वेळच १२०. मला अख्ख्या कॅमेऱ्यात सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट ही. कारण सतत १२० वर ठेवलात तर बफर (कार्डावर जाईपर्यंत फोटो थांबतात ती मेमरी) पावणेदोन सेकंदाच्या आत भरतो, आणि संध्याकाळी लॅपटॉपसमोर बसून एकाच खंड्याच्या शेकडो फ्रेम निवडत बसायचं, ते काम मजेचं नाही.

पण इथेच ए७आर फाईव्हची बाजू खरी भक्कम आहे आणि ती प्रिंटची नाही, क्रॉपची आहे. एपीएस-सी क्रॉप मोडला (सेन्सरचा फक्त मधला भाग वापरून) टाकला तरी २६ मेगापिक्सेल उरतात, म्हणजे ६०० एमएमची लेन्स ९०० सारखी झाली आणि फाईल ए९ थ्रीच्या पूर्ण फाईलपेक्षाही मोठी. लांब बसलेल्या घुबडासाठी, स्थिर पक्ष्यासाठी याला तोड नाही. मात्र हे सकाळच्या गार हवेतच. ऊन चढलं की पाण्यावरची हवा उकळायला लागते, होडी हलतेय ते वेगळंच, आणि मग ६१ मेगापिक्सेलमध्ये तुम्ही ती थरथरणारी हवाच जास्त बारकाईने टिपता. त्या वेळी पक्ष्याच्या जवळ जाणं हाच उपाय.

प्रिंटचा हिशोब करून टाका एकदा. आपल्याकडे चालणाऱ्या १२ बाय ३६ च्या अल्बममध्ये एकच फोटो दोन्ही पानांवर पसरला तर ए९ थ्रीचे ६००० पिक्सेल ३६ इंचात बसतात, १६७ डीपीआय (दर इंचाला पिक्सेल). ए७आर फाईव्हचे ९५०४, म्हणजे २६४. हातभर अंतरावरून अल्बम बघताना अंतरपाटाच्या फोटोत हा फरक मला दिसत नाही आणि गिऱ्हाईकाने पण कधी विचारलेलं नाही. दिसतो तो स्टेजवरच्या मोठ्या ग्रुप फोटोत, मागच्या रांगेतल्या आजोबांचे डोळे उघडे आहेत की मिटलेले ते कळायला हवं तेव्हा. आणि पैठणीच्या पदरावर. तिथे जरीची एकेक तार सुटी दिसते, २४ वर ती एकमेकात मिसळते आणि मधेच विचित्र लाटा उमटतात. कॅटलॉगवाल्यांसाठी तर पिक्सेल शिफ्टने (सेन्सर किंचित सरकवत) १६ फ्रेम जोडून २४० मेगापिक्सेलची फाईल निघते, फक्त ट्रायपॉड दणकट हवा आणि साडीची घडी वाऱ्याने हलता कामा नये.

ए९ थ्रीची खरी किंमत डॉलरमध्ये नाही, आयएसओमध्ये (उजेडाच्या संवेदनशीलतेत) आहे. प्रत्येक पिक्सेलला आपला उजेड वाचन होईपर्यंत साठवून ठेवायला वेगळी जागा लागते, त्यामुळे तो सुरूच २५० पासून होतो, ए७आर फाईव्ह १०० पासून. सावल्या उचलताना आणि ६४०० च्या पुढे तो जवळपास एक स्टॉप (दुप्पट उजेडाएवढा फरक) मागे पडतो. अंधाऱ्या मंदिरात, समईच्या उजेडात काढायचं असेल तर मी ए७आर फाईव्हच उचलेन. संध्याकाळच्या रिसेप्शनला एफ १.८ च्या लेन्स आणि नॉईज काढणारं सॉफ्टवेअर असलं की निभतं, पण निभतं इतकंच.

दोन्ही हवंय, वेग पण आणि मेगापिक्सेल पण, तर २०२१ चा सोनी ए१ आहे, ५० मेगापिक्सेल आणि ३० एफपीएस, लाँचला ६,५०० डॉलर. आणि नाईकॉन झेड८, ४५.७ मेगापिक्सेल, रॉ मध्ये २० एफपीएस, लाँचला ४,००० डॉलर. ज्यांच्याकडे अजून कुठल्याच कंपनीच्या लेन्स नाहीत त्यांनी झेड८ आधी बघावा असं मी मनापासून सांगेन. हे सेन्सर ग्लोबल नाहीत पण वाचन इतकं जलद आहे की पंख वाकडे झालेले सहसा दिसत नाहीत. फ्लॅशची ती सोय मात्र त्यात नाही.

आणि सोनीचं ठरवलंच असेल तर दुकानात जाण्याआधी स्वतःच्या लेन्स तपासा. सिग्मा, टॅमरॉनच्या लेन्स सोनीवर १५ एफपीएसच्या पुढे जात नाहीत, कॅमेरा १२० चा असो नाहीतर ३० चा. तुमची बॅग त्याच लेन्सने भरलेली असेल आणि तुम्ही फ्लॅश फारसा वापरत नसाल, तर ए९ थ्रीचे निम्मे पैसे पाण्यात गेले, त्यापेक्षा ए७आर फाईव्ह घ्या आणि उरलेल्या पैशात कंपनीची एक चांगली लेन्स.