फायरस्टॉपचा रिपोर्ट: यूएल १४७९ की ईएन १३६६-३?

स्लॅबमधून जाणाऱ्या पाइपाभोवतीची फट आग पलीकडे जाऊ नये म्हणून बुजवायला (म्हणजेच फायरस्टॉपला) दोन कोटेशन आली आहेत. एकाला यूएल १४७९ या अमेरिकी चाचणी-मानकाचा रिपोर्ट जोडलाय, दुसऱ्याला ईएन १३६६-३ या युरोपीय मानकाचा, आणि दोन्हींवर आग रोखण्याचा वेळ १२० मिनिटं. नुसता तो आकडा पाहून स्वस्तातलं उचलू नका.

यूएलमध्ये एफ रेटिंग म्हणजे तेवढा वेळ ज्वाळा पलीकडे आल्या नाहीत आणि नंतर होजच्या पाण्याचा माराही सीलने सोसला. उष्णतेचं उत्तर टी रेटिंगमध्ये असतं: पलीकडच्या बाजूला तापमान १८१ अंश सेल्सिअसने वाढेपर्यंतचा वेळ. इन्शुलेशन नसलेल्या लोखंडी किंवा तांब्याच्या पाइपाला एफ २ तास, टी ० हे सर्रास दिसतं. सील शाबूत असतं, पण पाइपच इतका तापतो की त्याला टेकलेलं सामान पेट घेऊ शकतं. ईएनमध्ये ई म्हणजे ज्वाळा-वायू रोखणं, आय म्हणजे उष्णता रोखणं (मर्यादा १८० अंश). म्हणजे ईआय १२० समोर टी २ तास ठेवा. एफ २ तास फार तर ई १२० ला जुळेल. ईएनमध्ये पाण्याचा मारा नाही, पण चाचणीच्या भट्टीतला दाब जास्त: स्लॅबखाली २० पास्कल, यूएलला किमान २.५. बारीक फटीतून गरम वायू ढकलतो तो हाच दाब.

यूपीव्हीसीच्या (कडक प्लॅस्टिकच्या) ड्रेनेज पाइपासाठी मी ईएनचा रिपोर्ट आधी मागेन, कारण त्यात पाइपाची टोकं उघडी की बंद हे अक्षरांत लिहिलेलं असतं. पहिलं अक्षर भट्टीतल्या टोकाचं, दुसरं बाहेरचं. यू म्हणजे उघडं टोक, सी म्हणजे बंद; यू/यू म्हणजे दोन्ही उघडी. ही सर्वांत कडक चाचणी, बाकीच्या तिन्ही जोड्या तिच्यात येतात. सी/सीचा रिपोर्ट व्हेंट (हवेसाठी उघडी वाट) असलेल्या ड्रेनेजला चालत नाही. यूएलमध्ये हीच गोष्ट 'क्लोज्ड' की 'व्हेंटेड' पाहून कळते.

पास होते ती अख्खी सिस्टिम, सीलंटची नळी नव्हे. स्लॅबची जाडी, पाइपाचा व्यास, चारी बाजूंची फट, फटीत भरलेल्या मिनरल वूलची (न जळणाऱ्या खनिज लोकरीची) घनता (यूएलच्या बऱ्याच सिस्टिममध्ये ६४ किलो प्रति घनमीटर) आणि सीलंटची खोली ड्रॉइंगशी जुळवा. साइटवर वूलऐवजी थर्माकोल कोंबलेला असतो. तो वितळला की सीलंटला आधार उरत नाही. पाइप स्लीव्हला (स्लॅबमध्ये बसवलेल्या बाहेरच्या नळीला) टेकलेला असेल तर सिस्टिममध्ये किमान फट शून्य चालते का ते बघा. कॉलर (प्लॅस्टिक पाइपाभोवतीचं, आगीत फुगून पाइप दाबून बंद करणारं कडं) स्लॅबच्या खालून, भिंतीला दोन्ही बाजूंनी, आणि धातूच्या अँकरने बसवा. प्लॅस्टिकचा प्लग आधी वितळतो, मग फुगणारा कॉलर पाइप दाबण्याऐवजी खाली सुटतो.

टेंडरमध्ये आयएस १२४५८ (फायरस्टॉपच्या चाचणीचं भारतीय मानक) असेल तर यूएल किंवा ईएनचा रिपोर्ट चालेल का, हे सल्लागाराकडून ऑर्डरआधी लेखी घ्या.