नौपाड्यातलं जपानी ठशांचं प्रदर्शन: वेळ काढून जा, जमलं तर भिंग घेऊन जा

रविवारी आईला घेऊन नौपाड्यात एका जपानी मुलीचं चित्रप्रदर्शन बघून आलो, दोन तास कसे गेले कळलं नाही, आणि सोमवारी प्रेसमधून सुटल्यावर परत एकटा गेलो. ठाण्यात राहून चित्रं बघायची म्हणजे एरवी लोकल पकडा, सीएसएमटीला उतरा, तिथून काळा घोडा, अर्धी सुट्टी प्रवासातच जाते. इथे स्टेशनपासून चालत दहा मिनिटं. एन्ट्री फ्री. गाडी नेऊ नका, गल्लीत लावायला जागाच नाही.

भारत-जपान सांस्कृतिक देवाणघेवाणीत ही आर्टिस्ट तीन महिने ठाण्यात राहिली, आणि भिंतीवर आहे ते सगळं तिने इथेच केलेलं आहे, तिकडून पेटीत घालून आणलेलं नाही. तिचं हे भारतातलं पहिलंच सोलो. वय तिशीच्या आतलं. काम वुडकटचं, म्हणजे लाकडावर चित्र कोरायचं, त्यावर ब्रशने रंग लावायचा, वर कागद ठेवून हाताने दाबून छापायचं. मशीन नाही, प्रेस नाही. जपानीत याला मोकुहांगा म्हणतात.

मी वागळे इस्टेटला पॅकेजिंगच्या प्रेसमध्ये १४ वर्षं आहे त्यामुळे मी पहिले काय बघितलं तर रजिस्टर, म्हणजे सगळे रंग एकमेकांवर नेमके बसलेत का ते. आमच्याकडे चार रंगांच्या मशीनवर अर्धा मिलिमीटर जरी रंग सरकला तरी अक्षराला सावली दिसते आणि पार्टी माल परत पाठवते. इथे एकेका चित्रात आठ-नऊ रंग, प्रत्येक रंगाचा वेगळा ठोकळा, सगळं हाताने, आणि मी खिशातलं भिंग काढून बघितलं तर कुठेही रंग सुटलेला नाही! हे कसं जमतं ते तिथेच काचेखाली ठेवलेल्या ठोकळ्यावर कळलं. ठोकळ्याच्या एका कोपऱ्यात काटकोनाची बारीक खाच असते आणि त्याच बाजूला पुढे दुसरी सरळ खाच, कागदाचा कोपरा पहिलीत बसवायचा, कड दुसरीला टेकवायची आणि मग कागद सोडायचा. केन्तो म्हणतात त्याला. सगळ्या ठोकळ्यांवर खाचा एकाच जागी, की झालं. आमच्या मशीनला कागद पुढून आणि बाजूने टेकवायला असतंच की, तेच हे, फक्त यांच्याकडे शेकडो वर्षांपासून लाकडातच कोरलेलं. मी त्या ठोकळ्यापाशीच पंधरा मिनिटं उभा होतो, आई पुढे जाऊन परत आली.

सगळ्यात सुंदर म्हणजे मासुंदा तलावाचे सात ठसे. ठोकळे बहुतेक तेच, तलाव तोच, काठाला लावलेल्या होड्या त्याच, बदललेत ते मुख्यतः रंग, पहाटे, भर दुपारी, पाऊस यायच्या आधी, पाऊस पडताना. पावसाच्या चित्रापाशी जवळ जा. पावसाची एकेक रेघ केसाएवढी आहे, आणि वुडकटमध्ये रेघ कोरायची म्हणजे रेघ तशीच ठेवून दोन्ही बाजूचं लाकूड काढायचं, हात जरा हलला की रेघ तुटली, मग तो ठोकळा गेला. अशा शंभरेक तरी रेघा असतील. लाकूड इथल्याच वखारीतून घेतलेला साग, त्याचे रेषे पाण्यात तरंगासारखे उतरलेत, ते तिने कोरलेले नाहीत, लाकडाचेच आहेत. वरचं आभाळ गडद निळ्यापासून फिकट होत जातं, ते ओल्या ब्रशने दर वेळी ठोकळ्यावर पुसून करतात म्हणून दोन प्रती हुबेहूब एकसारख्या निघतच नाहीत. आमच्या धंद्यात दोन प्रती वेगळ्या आल्या तर शिव्या बसतात, इथे तो फरक बघायला मी मागे-पुढे करत होतो.

निळ्यावरून एक सांगायचंय. होकुसाई या जपानी चित्रकाराची ती लाट सगळ्यांनी कुठे ना कुठे बघितलेली असते, १८३० च्या आसपासची, आपण म्हणतो किती जपानी चित्र आहे. पण त्यातला निळा हा प्रशियन ब्लू, बर्लिनला सापडलेला, जहाजाने जपानला गेलेला. म्हणजे त्यांची सगळ्यात ओळखीची चित्रंसुद्धा बाहेरून आलेल्या रंगात आहेत. देवाणघेवाण म्हणतात ती हीच ना, भाषणात नाही, रंगाच्या वाटीत.

आणि त्याचंच दुसरं टोक आतल्या खोलीत आहे. वीसेक फूट लांब कागदाची पट्टी, गेरूने रंगवलेली, त्यावर तांदळाच्या पिठाचा पांढरा आणि बांबूची काडी. येऊरच्या पाड्यावरच्या एका वारली ताईंबरोबर बसून तिने ती केलीये. मला आधी भीती वाटलेली की झालं, आता तारपा नाच आणि त्रिकोणी माणसं येणार, ती आपण कप, कुर्ती, मॉलच्या भिंती सगळीकडे बघतोच. तिने एकही वारली माणूस काढलेला नाही. दोघींनी फक्त ओळी काढल्यात, भाताची लावणी केल्यासारख्या, एक ओळ तिची, एक ताईंची. आई म्हणाली, "बघ, ही ओळ शिकलेल्या हाताची आहे आणि ही रोजच्या." खरंच दिसतं ते, एकीच्या रेघा मोजून मारल्यासारख्या, दुसरीच्या जरा वाकत, श्वास घेत गेलेल्या. तिकडे ठसे काढताना रंगात घालतात ती खळ तांदळाची, आणि कागद दाबायचा बारेन गुंडाळलेला असतो तो बांबूच्या पापुद्र्यात. इकडेही तांदूळ आणि बांबूच. दुसऱ्याची चित्रं उचलण्यापेक्षा तिने दोघींच्या हातात आधीच काय सारखं आहे ते शोधलं, याबद्दल मला तिचा फार आदर वाटला.

म्हणूनच पुढची गोष्ट लागली. त्या ताईंचं नाव शेवटच्या बोर्डवर बारीक अक्षरात, आभाराच्या यादीत टाकलंय. अर्धी पट्टी त्यांच्या हातची आहे, नाव पट्टीशेजारी मोठं पाहिजे. आणि सगळी लेबलं इंग्लिश आणि जपानी, मराठी एक ओळ नाही! नौपाड्यात! आईला प्रत्येक लेबल मी वाचून सांगत होतो, मग आमच्या मागे अजून दोन आजी ऐकत फिरायला लागल्या. आयोजकांनी जिव्या सोमा मशेंचाही उल्लेख करायला हवा होता. डहाणूकडचा वारली चित्रकार, २०११ ला पद्मश्री, आणि जपानमध्ये निगाताच्या तोकामाची गावात १९८२ पासून भारतातल्या लोकचित्रांचं मिथिला म्युझियम आहे तिथे जाऊन त्यांनी चित्रं काढलीत. डहाणू तेव्हा आपल्या ठाणे जिल्ह्यातच होतं, पालघर वेगळा झाला २०१४ ला. ही ये-जा इतकी जुनी आहे, ते बोर्डवर असतं तर बघणाऱ्याला किती वेगळं वाटलं असतं.

एक भिंत मला पटली नाही. पावसाळ्यात इथे कागद सुकेना, काही शीटना बुरशी आली, तर ती शीट तिने तशीच फ्रेम करून लावलीत. चांगली छापलेली शीट खराब झालेली मला बघवत नाही. आईला मात्र आवडली ती. काचेवर लाईट चमकतात, डाव्या बाजूने बघा म्हणजे नीट दिसेल.

रविवारी चारला कागद बनवायचा डेमो असतो तो सोडू नका. कोझो म्हणून झाड आहे, तुतीच्या जातीतलं, त्याच्या सालीचा लगदा. पाण्यात तंतू एकसारखे पसरावेत म्हणून जपानमध्ये एका झाडाच्या मुळाचा चिकट रस घालतात, ते झाड भेंडीच्या कुळातलं. इथे मूळ मिळेना म्हणून हिने सरळ जांभळी नाक्यावरून भेंडी आणली, चिरून पाण्यात ठेवली, आणि ते बुळबुळीत पाणी ओतलं टबात. आई आधी बघतच राहिली, मग बाह्या वर करून पुढे झाली. चौकट बुडवायची, पुढे-मागे हलवायची, पाणी निथळू द्यायचं. तिचा पहिला कागद फाटला, दुसरा जमला. तळहाताएवढा आहे, आता देवघराशेजारी ठेवलाय, उजेडाला धरला की तंतू दिसतात, लांब लांब. आमच्याकडचा पॅकेजिंगचा पुठ्ठा फाडला की तंतू तुकड्या-तुकड्यानेच येतात.

पुढच्या रविवारपर्यंत आहे, सकाळी ११ ते संध्याकाळी ७, गुरुवारी बंद. डेमोला बाराच जण घेतात, आधी जाऊन नाव द्या. दारात अभिप्रायाची वही आहे त्यात मराठी लेबलांबद्दल आणि ताईंच्या नावाबद्दल नक्की लिहा, मी रविवारी लिहिलं, सोमवारी गेलो तर खाली अजून चौघांनी तेच लिहिलेलं होतं.