तुर्की दुकानातील क्विन्स आणि मसाल्याचा पाक
लंडनमधील आमच्या घराजवळच्या तुर्की किराणा दुकानात ऑक्टोबरपासून मिळणारी क्विन्स, म्हणजे ज्यांच्या बिया आपल्याकडे काष्ठौषधींच्या दुकानात बिहीदाणा म्हणून मिळतात ती फळे, अवश्य घ्यावीत. कच्चे फळ तुरट आणि इतके टणक असते की सुरी मध्येच अडकते; परंतु १ किलो फोडी, ५०० ग्रॅम साखर, लिटरभर पाणी, दालचिनी, चार लवंगा आणि त्याच बियांची पुरचुंडी पातेल्यात घालून अडीच तास मंद आचेवर ठेवल्यावर त्या पांढरट फोडी डाळिंबी रंगाच्या झाल्या आणि तरीही मोडल्या नाहीत. फळातील पेक्टिनमुळे, म्हणजे पाक जेलीसारखा घट्ट करणाऱ्या नैसर्गिक घटकामुळे, पाक थंड होताच चमच्यावर थरथरू लागला. एक फळ मात्र आतून तपकिरी निघाले, ते दुकानदारांनी लगेच बदलून दिले. पिवळी, सुगंध सुटलेली फळेच निवडावीत.