ठाण्याजवळच्या दिव्यातला वनरूम किचन आणि आमचे एजंट भाऊ : पाचपैकी दीड स्टार

रिव्ह्यू लांब होणारे, आधीच सांगते. एजंटचं नाव लिहीत नाही, कारण त्याच्यासारखे स्टेशनपासून चौकापर्यंत दहा बसलेत आणि सगळ्यांची बोलायची पद्धत सेम.

नवऱ्याची बदली ठाण्याला झाली, मुलगी पहिलीत, बजेट 10 हजारच्या आत, म्हणजे दिवा नाहीतर त्याच्या पुढे. एजंटने एका रविवारात पाच घरं दाखवली, स्वतःच्या बाईकवरून, पाण्याची बाटली पण दिली. पाचवं घर आवडलं, चौथा मजला, हवा मस्त, खिडकीतून खाडीकडचा भाग दिसतो. भाडं 9,000, डिपॉझिट 50,000, एजंटची दलाली एक महिन्याचं भाडं. मी विचारलं, भाऊ ओसी (पालिकेचा भोगवटा दाखला) आहे ना बिल्डिंगला? तर तो हसला आणि म्हणाला, "ताई, टॅक्स पावती आहे, लाईट मीटर आहे, अग्रीमेंट रजिस्टर करून देतो, अजून काय पाहिजे?" आणि मी गप्प बसले. इथेच चुकलं माझं.

अग्रीमेंटचं काम मात्र झकास केलं त्याने, ते मान्य. मुलगा घरी लॅपटॉप घेऊन आला, अंगठे घेतले, वेबकॅमवर फोटो काढले, आधार टाकला, अर्ध्या तासात खल्लास. स्टॅम्प ड्युटी पाव टक्का, रजिस्ट्रेशन फी 1000, पोलीस व्हेरिफिकेशन पण त्यानेच केलं. कागदावर सरकारी शिक्का बघून आम्हाला वाटलं घर पण सरकारमान्य. तसं काही नसतं हो. भाडेकरार नोंदवताना बिल्डिंगला परवानगी आहे का हे कोणी बघत नाही, तुमची आणि मालकाची ओळख, भाडं, मुदत, एवढंच. शिक्का कराराला असतो, भिंतींना नसतो.

आता घराबद्दल. पाणी पहाटे साडेचारला, वीस मिनिटं, ते पण मोटर लावली तर, बाकी टँकर आणि टँकरची वर्गणी वेगळी. पावसाळ्याआधीच बाथरूमच्या छताला ओल होती, मेच्या शेवटी एक दिवस पोळ्या लाटत होते आणि आतून धप्प आवाज आला, जाऊन बघते तर परातीएवढा पोपडा बादलीत पडलेला आणि वर स्लॅबच्या सळ्या उघड्या, गंजून पापुद्रे सुटलेल्या, बोट लावलं तर भुगा. मुलगी दहा मिनिटांपूर्वी तिथे आंघोळ करून आली होती. मालकाला फोन केला तर म्हणे सिमेंट मारून घ्या, भाड्यातून बघू नंतर. ते नंतर काही आलं नाही.

आणि जूनमध्ये गेटवर नोटीस. मागच्या वर्षीच्या गणपती मंडळाच्या पोस्टरवरच खळ लावून चिकटवलेली. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, कलम 260, अनधिकृत बांधकाम. एजंटला फोटो पाठवला, त्याचं उत्तर, "असे कागद दरवर्षी चिकटवतात ताई, टेन्शन नका घेऊ." दरवर्षी चिकटवतात हे खरं असेल पण मग मला नोव्हेंबरमध्ये घर घेताना का नाही सांगितलं? आणि टेन्शन का नको? 4 एप्रिल 2013 ला इथून जवळच शीळफाट्याला लकी कंपाउंडची बिल्डिंग पडली, 74 माणसं गेली, ती पण अनधिकृतच होती. ऑगस्ट 2025 मध्ये विरारला पडली ती पण. बांधकाम पाडायचा आदेश आला तरी हाल राहणाऱ्याचेच, नालासोपाऱ्यात 2025 च्या सुरुवातीला 41 बिल्डिंगी पाडल्या तेव्हा लोक सामान घेऊन रस्त्यावर होते, डोंबिवलीच्या 65 बिल्डिंगींवर पण तोच आदेश आला, तिथे खोट्या परवानग्यांवर महारेराचे (बिल्डर-एजंटांची नोंदणी करणारं सरकारी प्राधिकरण) नंबर पण मिळवले होते. आमच्या एजंटच्या कार्डवर पण महारेराचा नंबर होता, मी किती खूश झालेले! महारेराचा कायदा खरेदी-विक्रीचा, भाड्याच्या घराशी त्याचा संबंध नाही, हे नंतर कळलं.

ऑफिसमधल्या मैत्रिणीच्या ओळखीने एका वकीलबाईंकडे गेले. मी बसल्या बसल्या सुरू केलं, आम्ही भाडेकरू, आमचे हक्क वगैरे. त्यांनी अग्रीमेंट उलटसुलट केलं आणि म्हणाल्या, "तुम्ही भाडेकरू नाहीच आहात." मी बघतच बसले. लिव्ह अँड लायसन्स म्हणजे आपण कागदावर परवानाधारक, मालकाच्या परवानगीने राहणारे. गिरगावात माझी मावशी पागडीच्या खोलीत राहते ती खरी भाडेकरू, तिला 1999 चा भाडे नियंत्रण कायदा आहे. मालक दुरुस्ती करत नसेल तर 15 दिवसांची लेखी नोटीस देऊन तिने स्वतः करून घ्यायची आणि खर्च भाड्यातून कापायचा, वर्षाच्या भाड्याच्या पाव भागापर्यंत. पाणी-लाईट तोडलं तर कलम 29 आहे. धोकादायक म्हणून चाळ पाडली तरी कोणाची किती जागा होती ते मोजून ठेवतात, हक्क बुडत नाही. आपल्याला यातलं काही नाही. उलट त्या कायद्याचं कलम 24 मालकाच्या बाजूचं, मुदत संपल्यावर जागा सोडली नाही तर भाड्याच्या दुप्पट भरपाई.

मी रडवेली झाले तेव्हा त्यांनी दुसरं पुस्तक काढलं, 1882 चा सुविधाधिकार कायदा (ईझमेंट्स अ‍ॅक्ट), त्यात परवानाधारकाचे पण हक्क आहेत. इंग्रजांच्या काळातला आणि कामाला आला बघा. कलम 57, जागेत जिवाला किंवा सामानाला धोका होईल असा दोष असेल, मालकाला माहीत असेल आणि आपल्याला नसेल, तर तो सांगणं मालकावर बंधनकारक आहे. कलम 64, पैसे देऊन राहतोय आणि आपली चूक नसताना मालकाने मुदतीआधी बाहेर काढलं तर भरपाई. प्रश्न एवढाच की मालकाला माहीत होतं हे दाखवायचं कसं. बाईंनी माझ्या फोनमधला नोटिशीचा फोटो मोठा केला आणि मजकुरातल्या दुसऱ्या ओळीवर बोट ठेवलं, "यापूर्वी दिलेली नोटीस" आणि पुढे तारीख. आमच्या अग्रीमेंटच्या दीड वर्ष आधीची. मी तो फोटो वीस जणांना फॉरवर्ड केला होता पण ती ओळ वाचलीच नव्हती. टॅक्स पावतीचं पण तेच, तळाला बारीक अक्षरात छापलेलं की कर भरला म्हणजे बांधकाम अधिकृत ठरत नाही. कायद्यातच तसं आहे, पालिका अनधिकृत बांधकामाकडून पण टॅक्स घेते, वर शास्ती म्हणजे दंड लावते.

मालकाचं म्हणणं होतं की लॉक-इन 11 महिन्यांचा आहे, मध्येच सोडताय तर डिपॉझिट विसरा. स्पीड पोस्टने वकिलाची नोटीस गेली, सोबत तो फोटो आणि उघड्या सळ्यांचा फोटो. तीन आठवडे शांतता, मग एका संध्याकाळी स्वतःच फोन, "वहिनी, घरातलंच माणूस समजतो तुम्हाला." 41,000 परत मिळाले. 9,000 पेंटिंगचे कापले. जे घर पाडायला काढलंय त्याचं पेंटिंग! नवरा म्हणाला सोड आता, मी पण सोडलं, भांडायला रोज सुट्टी कुठून आणायची.

एजंट दलाली परत देत नाही. मी फक्त घर दाखवलं म्हणतो. वकीलबाईंच्या मते फी घेऊन सेवा दिली म्हणजे जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं, 5 लाखांपर्यंतच्या तक्रारीला तिथे फी नाही. कागद जमवतेय, बघू.

आता कळव्याला आहोत, 13,500 भाडं, खोली लहान, खिडकीत समोरच्याचे कपडे दिसतात. टोकन द्यायच्या आधी भोगवटा दाखल्याची झेरॉक्स मागितली तर नवीन एजंटने तोंड वाकडं केलं पण दोन दिवसांनी आणून दिली. सेक्रेटरीने पण विचारलं कशाला पाहिजे, मी सांगितलं पोपडा परातीएवढा होता.

तर रेटिंग. पोलीस व्हेरिफिकेशन आणि अग्रीमेंट वेळेत, त्याचा एक स्टार. अर्धा स्टार कशाचा ते पण सांगते, घर सोडलं त्या दिवशी धो धो पाऊस, एकही टेम्पोवाला यायला तयार नाही आणि याच एजंटने कुठूनतरी 1,800 मध्ये टेम्पो आणला, ताडपत्री सकट, आणि कपाट उतरवायला स्वतः हात लावला.