गर्भनिरोधक गोळ्या, सहा महिन्यांनंतर: डाग, चिकटपट्टी आणि दहा टक्के सूट

गौरी जेवायच्या दिवशी पुरणाची डाळ कुकरला लावली, बाथरूममध्ये गेले तर डाग. म्हणून हे लिहितेय, नाहीतर जूनपासून मी सगळ्या मैत्रिणींना घ्या गं घ्या सांगत सुटले होते.

कंपनीचं नाव नको. कमी डोसची, २० मायक्रोग्रॅम इस्ट्रोजेनवाली, एका पट्टीत २१ हार्मोनच्या आणि ७ नुसत्या साध्या, बिनहार्मोनच्या. मार्चमध्ये सुरू करताना डॉक्टरबाईंनी बीपी बघितलं, अर्धशिशी आहे का, तंबाखू खाता का विचारलं आणि म्हणाल्या, पहिले तीन महिने मधेच थोडं ब्लीडिंग होऊ शकतं, घाबरून बंद करू नका. थोडं म्हणजे किती ते मी विचारलं नाही, मूर्खपणा.

पहिल्याच पट्टीत नवव्या गोळीपासून सलग अकरा दिवस! धो धो नाही, तपकिरी, पॅड लावावं तर वाया आणि न लावावं तर कपडे खराब. वर सासूबाई, "अगं, पंधरा दिवसांपूर्वीच तर अडचण होती ना तुझी?" दुसऱ्या पट्टीत परत तेच. बंदच करणार होते, पण तीन पट्ट्या एकदम घेतल्या म्हणून मेडिकलवाल्याने दहा टक्के सोडले होते, आता पैसे कसे वाया घालवायचे म्हणून गिळत राहिले, आणि चौथीला चक्क थांबलं. डॉक्टरबाईंना काही नवल नाही. गोळीने पिशवीचं अस्तर पातळ होतं, सवय होईपर्यंत ते मधेच थोडं थोडं सुटतं म्हणे. म्हणजे मला कंजूषपणाने तारलं.

माझा खरा राग पट्टीवर आहे. वार छापलेले नाहीत! नुसते बाण. आज घेतली की कालचीच आठवतेय, कळणार कसं? मार्करने लिहिलं तर फॉइलवरून पुसलं जातं, कागदी चिकटपट्टी लावून वर सो मं बु लिहिलं तर गोळी दाबताना तीच फाटते. नवरा म्हणतो अलार्म लाव. लावलाय की नऊचा, तेव्हा माझे हात कणकेत, कोपराने बंद करते आणि विसरते.

गौरीच्या दिवशी हेच झालेलं. पाहुण्यांच्या गडबडीत पट्टी कपाटात वर ठेवलेली, काढून मोजली तर तारखेच्या हिशोबाने दोन गोळ्या जास्त. म्हणजे मी कंपनीला शिव्या देत होते आणि चूक माझी. (तरी वार छापायला काय जातं?) डॉक्टरबाईंना फोन केला. एक लगेच घ्या, बाकी रोजच्या वेळेला, आणि सात दिवस कंडोम. माझा दुसरा आठवडा चालू होता, हार्मोनच्या शेवटच्या आठवड्यात चुकल्या असत्या तर साध्या सात सोडून थेट पुढची पट्टी सुरू करायची. आणि गोळ्या नीट घेऊनही तीन महिन्यांनंतर डाग चालूच राहिले, किंवा संबंधांनंतर रक्त आलं, ओटीपोटात दुखलं, तर गोळीवर ढकलायचं नाही, येऊन तपासून घ्यायचं.

सासूबाईंना काही बोलले नाही. पुरणपोळ्या मीच लाटल्या, नैवेद्यही मीच दाखवला.

चार दिवसांत डाग गेले. काल आठवी पट्टी आणायला गेले. एकच मागितली म्हणून मेडिकलवाल्याने एक रुपया सोडला नाही, तीन घ्या म्हणाला. दुकानात उभी राहून पाच मिनिटं विचार केला आणि घेतल्या तीन.